मन लागत नाही म्हणे!

"मी करून बघितलं हो, पण माझं मनच लागत नाही."

ध्यानाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. लग्नाच्या पंगतीत येतं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्री चादर अंथरता अंथरता येतं, डॉक्टरकडे बीपी मोजून घेताना येतं. बोलणारा थोडा हसतो, थोडा ओशाळतो... जणू शाळेतलं गणित राहिल्याचं सांगतोय. समोरचा मान डोलावतो, "माझंही तस्संच!" की संपला विषय. मग पुन्हा चहा, पुन्हा नळाच्या पाण्याची चर्चा, पुन्हा कोणाचा मुलगा पुण्यात कुठल्या कंपनीत.

मला ह्या वाक्याशी भांडायचंय. ते म्हणणाऱ्यांशी माझं काही वैर नाही, ते त्यांच्या तोंडात कोंबणाऱ्यांशी आहे.

मन लागत नाही हे खरंच आहे. कोणाचंच लागत नाही. पहिल्या दिवशी नाही, आणि शंभराव्या दिवशीही बरेचदा नाही. पण त्यावरून "म्हणून ध्यान आपल्यासाठी नाही" असा जो निष्कर्ष निघतो ना, तो साफ चूक आहे. आणि लोक तो आपणहून काढत नाहीत, त्यांना तो शिकवला जातो. ध्यान म्हणजे विचार बंद होणं, मन कोरं होणं, आत काहीतरी प्रकाशबिकाश दिसणं, अशी व्याख्या करून जो नवशिक्याला बसवतो, तो त्याला पहिल्याच दिवशी नापास करून ठेवतो. माझ्या मते मन भरकटणं हा ध्यानातला कच्चा माल आहे. भरकटलंय हे लक्षात येणं आणि त्याला परत आणणं, एवढंच ते काम. बाकी सगळी सजावट.

आपल्या मराठीने हा शब्द कसा वापरलाय बघा. "ध्यानात ठेव" म्हणतो आपण, "ध्यानीमनी नसताना" म्हणतो. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, तिथे तर विटेवर उभं असलेलं ते रूप म्हणजेच ध्यान. (गबाळ्या माणसाला आपण "काय ध्यान आहे!" म्हणतो तो अर्थ तूर्त बाजूला ठेवू :) ) ह्यातल्या एकाही वापरात डोकं रिकामं होणं नाही. सगळीकडे काहीतरी लक्षात असणं आहे. भाषेला जे कधीच कळलंय ते शिबिरवाल्यांना कळत नाही ह्याचं मला नवल वाटतं.

आता राग कशाचा ते सांगते. (वहिनीला विचारून लिहिते आहे, तेव्हा नातेवाइकांनी कृपया तिला चौकशीचे फोन करू नयेत.)

माझा मोठा भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. त्या महिन्यात माणसं कशी गेली हे कोणाला सांगायला नको. वहिनीची झोप उडाली ती उडालीच. रात्री दोनला उठून स्वयंपाकघरातले डबे पुसत बसायची. २०२२ च्या डिसेंबरात शेजारच्या काकूंनी तिला एका ध्यान शिबिराला नेलं. सात दिवस, रोज सकाळी पाऊण तास, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. शिबिर कोणाचं होतं ते सांगणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटतात, आणि मला कोणालाच सोडायचं नाहीये.

पहिल्याच दिवशी माइकवरून सांगितलं गेलं, "सगळे विचार काढून टाका, मन कोऱ्या पाटीसारखं करा." चौथ्या दिवशी विचारलं गेलं, "कोणाकोणाचं मन शांत झालं?" भराभर हात वर झाले. वहिनीचा झाला नाही. (त्या वर झालेल्या हातांतले निम्मे शेजारच्याचा बघून वर झाले असणार अशी मला दाट शंका आहे.) सगळे गेल्यावर ती थांबली आणि त्या गृहस्थांना विचारायला गेली, की डोळे मिटले की मला दवाखान्याचा जिनाच दिसतो, मी काय करू? उत्तर मिळालं, "ताई, तुमची अजून पात्रता तयार झालेली नाही. आसक्ती कमी करा."

आसक्ती! एकतीस वर्षांचा संसार जिचा दीड आठवड्यात संपला त्या बाईला!

घरी येऊन वहिनी मला एवढंच म्हणाली, "आपल्याला हेही नाही जमायचं हो, वन्सं." तिच्या त्या 'हेही'वर मी पुढे कितीतरी दिवस अडकून होते. जरा विसावा मिळावा म्हणून गेलेली बाई पदरात आणखी एक अपयश बांधून आली. जे ओझं उतरवायला शिकवायचं, त्याच्यातच भर घालून पाठवणाऱ्या ह्या शिकवणीला काय म्हणायचं?

'पात्रता' हा शब्द आला की आपण गप्प बसतो, कारण तो कुठल्यातरी जुन्या पोथीतला असणार असं वाटतं. म्हणून जुन्या पोथ्यांचंच बघू.

गीतेचा सहावा अध्याय हा ध्यानाचा. त्यात कृष्ण आसन कसं घालायचं, ते फार उंच नको, फार खाली नको, असं सगळं नीट सांगतो. ते ऐकून अर्जुन काय म्हणतो? हे जमणार नाही, मन वाऱ्यासारखं आहे, ते धरून ठेवणं अशक्य. म्हणजे "मन लागत नाही" ही तक्रार करणारा पहिला मोठा माणूस खुद्द अर्जुन! आणि कृष्ण त्याला तुझी पात्रता नाही म्हणून परत पाठवत नाही. तो आधी कबूल करतो की हो, मन आवरायला अवघड आहे खरं, आणि मग सांगतो, सरावाने जमतं, वैराग्याने जमतं. त्याच्या थोडं आधी त्याने युक्तीही सांगून ठेवलेली असते, की मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणायचं. जाऊच द्यायचं नाही असं तो म्हणत नाही. जाईल हे त्याने धरलेलंच आहे.

आणि १२९० साली ज्ञानेश्वरांनी ह्याच जागेचा अर्थ उलगडताना तर आणखी माया दाखवली. त्यांच्या सांगण्याचा आशय असा, की मन स्थिरावलं तर उत्तमच, आणि नाही स्थिरावलं तर खुशाल मोकळं सोडा. तुम्ही फक्त एक नेम धरून ठेवा. मन जिथे जाईल तिथून तो नेमच त्याला घेऊन येईल. सातशे वर्षांपूर्वी इतकं हळुवार सांगून ठेवलेलं असताना माइकवरून "विचार काढून टाका" असं दरडावणारे हे कोण?

बुद्धाच्या परंपरेत ध्यानातल्या पाच अडचणींची यादीच आहे, त्यांना नीवरणं म्हणतात. हवंसं वाटणं, चीड येणं, सुस्ती, अस्वस्थपणा आणि शंका. पतंजलीने नऊ अंतराय मोजलेत. आजारपण, मनाची मरगळ, संशय, बेपर्वाई, आळस, विषयांची ओढ, भलताच भ्रम, पुढची पायरी न गाठता येणं, आणि गाठली तरी ती न टिकणं. शिवाय त्यांच्याबरोबर येणारं दुःख, निराशा, अंगाचा कंप आणि श्वासाचा गोंधळ. ह्या याद्या वाचल्या तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. म्हणजे माझं जे जे होत होतं ते सगळं आधीच लिहून ठेवलेलं! जो रस्ता कोणी चाललेलाच नाही त्याच्या खड्ड्यांची यादी कोणी करत नाही.

इथे एखादा अभ्यासू काका नक्की म्हणणार, अगं, पण पतंजलीच चित्तवृत्तींचा निरोध म्हणतो ना? बरोबर आहे काका. अगदी सुरुवातीलाच म्हणतो. पण ती डोंगरमाथ्याची खूण आहे. त्याच पादात पुढे तो अभ्यास कसा पक्का होतो ते सांगतो. पुष्कळ काळ, खंड न पडता, आदराने केला तर. पुष्कळ काळ! सात सकाळी नव्हे. इगतपुरीला सत्यनारायण गोएंकांनी सुरू केलेलं धम्मगिरी आहे, १९७६ पासूनचं. तिथल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात रोज दहा तासांच्या आसपास बसायचं असतं, आणि पहिले तीन दिवस फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघायचं असतं. म्हणजे तीसेक तास नुसता श्वास, तोही मौनात. आमच्या वहिनीला मिळाले सात वेळा पाऊण तास, म्हणजे सव्वापाच तास. तेही लाउडस्पीकरवर बासरी लावून. त्यात मन कोरं झालं नाही म्हणून ती अपात्र!

रामदासांनी मनाला उद्देशून श्लोक लिहिले ते दोनशे पाच. मन एका सांगण्यात ऐकणारं असतं तर पाचात काम झालं नसतं का? :)

सोलापूरच्या माणसाला हे कळायला खरं तर पोथीचीही गरज नाही. आमच्या पूर्व भागात जाऊन कुठल्याही मागासमोर दहा मिनिटं उभं राहावं. चादर विणताना धागा तुटतो. माग चांगला असला तरी तुटतो, विणणारा तीस वर्षांचा अनुभवी असला तरी तुटतो. तुटला की तो माग थांबवतो, टोकं शोधतो, बोटांनी गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. तो कपाळावर हात मारून "मला विणता येत नाही" म्हणत घरी जात नाही. उलट तुटलेला धागा पटकन दिसणं आणि चटकन सांधता येणं ह्यालाच तर तिथे कसब म्हणतात. ज्याला तुटलेला दिसतच नाही त्याच्या चादरीत वीतभर फट पडते.

ध्यानाचं तंतोतंत हेच आहे. श्वासाकडे लक्ष, धागा तुटला, गॅस बंद केला का, त्या दिवशी ती मला असं का बोलली, दवाखान्याचा जिना... आणि मग लक्षात येतं, अरे, आपण श्वास बघत होतो. हे जे 'अरे' आहे ना, तेच फळ आहे. त्या क्षणी स्वतःवर चिडायचं नाही. गाठ मारायची, पुढे विणायचं. दहा मिनिटांत वीस वेळा तुटला आणि वीस वेळा सांधला, तर वीस वेळा व्यायाम झाला. ह्याला 'मन लागलं नाही' म्हणणं म्हणजे वीस बैठका काढून आल्यावर "आज मी वीस वेळा खाली बसलो" म्हणून रडण्यासारखं आहे.

आता तक्रारी एकेक करून घेते. मी कोणाची गुरू नाही, होणारही नाही. बँकेत काउंटरवर बसून पैसे मोजण्यात आयुष्य गेलं. पण बरीच वर्षं रोज बसते आहे, आणि ह्या तक्रारी माझ्याही आहेत.

"पाय बधिर होतात." मग पद्मासन कोणी सांगितलंय? पतंजलीला आसन स्थिर आणि सुखाचं हवंय, बस्स. खाली बसायचं तर सोलापुरी चादरीची जाड घडी करून बुडाखाली घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली जातात आणि पाठ आपोआप सरळ राहते. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर बसा, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून. खुर्चीवर केलेलं ध्यान कमी प्रतीचं, असं कोणी म्हणालं तर त्याला स्वतःचे गुडघे साठीचे होईपर्यंत थांबायला सांगा. खाज सुटली तर लगेच खाजवायचं नाही आणि हुतात्माही व्हायचं नाही. दोन श्वास खाजेकडेच बघायचं. बरेचदा जाते. नाही गेली तर खाजवायचं.

"झोप येते." ह्याला तर फार गोड दाखला आहे. मोग्गल्लान हा बुद्धाचा पट्टशिष्य. तो ध्यानाला बसून पेंगत होता. बुद्धाने त्याला अपात्र ठरवलं नाही, एकापाठोपाठ एक उपाय सांगितले. शिकलेलं आठव, मोठ्याने म्हण, कान ओढ, अंग चोळ, डोळ्यांना पाणी लाव, आकाशातल्या ताऱ्यांकडे बघ, येरझाऱ्या घाल. आणि एवढं करूनही येत असेल तर? तर आडवा हो! पट्टशिष्याला जर झोपायची परवानगी आहे तर तुम्हा-आम्हाला का नसावी. मी त्यात एवढीच भर घालते, की कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर मे महिन्यातली सोलापूरची दुपार, ह्यानंतर बसूच नये. ती झोप अध्यात्मिक नसते, निव्वळ सोलापुरी असते. गीतेनेही फार खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि सारखं जागणाऱ्याला, दोघांनाही योग जमत नाही असं सांगितलंच आहे.

"विचारच विचार येतात." येऊ देत. श्वास मोजा. बाहेर गेला की एक, पुन्हा गेला की दोन, असं दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. आकडा हरवला तर चिडचिड न करता एकपासून. तीनच्या पुढे महिनाभर गेला नाहीत तरी चालेल. आलेल्या विचाराला मनात एक शब्द द्यायचा, 'भांडण', 'हिशेब', 'आठवण'. नाव दिलं की त्याची पकड जराशी सैल होते, असा माझा तरी अनुभव आहे.

"आवाज असतो." असणारच. सोलापुरात शांतता हवी असेल तर... जाऊ दे. यंत्रमागाची खटखट, भोंगे, गड्ड्याच्या दिवसांत तर विचारूच नका. पण आवाज ध्यानाच्या आड येतो हेच मुळात त्या 'कोऱ्या मना'च्या कल्पनेतून आलंय. लक्ष ठेवायला काहीतरी हवं ना? मग आवाजावरच ठेवा. कुठून येतो, कधी थांबतो, दोन आवाजांच्या मध्ये काय असतं. काही जणांना श्वासापेक्षा हे सोपं जातं.

"वेळ नाही." दहा मिनिटं. वीस नको, तास तर मुळीच नको. आणि ती रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधायची, म्हणजे चहाच्या आधी किंवा दिवाबत्तीनंतर. ज्या दिवशी पहाटे पाणी येणार त्या दिवशी भांडी भरा, ध्यान दुपारी करा नाहीतर सोडा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसायचं नाही. हा बँकेचा हप्ता नाही, दंडव्याज लागत नाही.

"काहीच होत नाही." हो. बरेचदा काहीच होत नाही. कंटाळा येतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज बघितलेत ना? ते पेलणाऱ्यांचा सराव यात्रेच्या कितीतरी आधी सुरू होतो. सरावाच्या त्या रात्रींना बघायला यात्रेएवढी गर्दी नसते, पण संक्रांतीला ध्वज हलत नाही तो त्या रात्रींमुळे.

आणि आता ती तक्रार जी वहिनीची होती. "नको ते दिसतं." ही बाकीच्यांसारखी नाही, म्हणून शेवटी ठेवली. ज्यांच्यावर काही मोठं कोसळलंय त्यांना डोळे मिटल्यावर तेच समोर येऊ शकतं. तिथे "बसून राहा, सहन करा" हा सल्ला धोक्याचा आहे. डोळे उघडावेत, तळवे जमिनीला टेकलेत ते बघावं, समोरच्या भिंतीवरच्या चार वस्तू मोजाव्यात, आणि तरी नाही भागलं तर त्या दिवशी उठावं. पुन्हा पुन्हा होत असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन ह्यांच्या गटाने २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यान करणाऱ्यांना येणारे भीती, बेचैनी असे त्रासदायक अनुभव त्यांनी मुलाखती घेऊन नोंदवले. म्हणजे ही गोष्ट आता जगाला माहीत आहे, अभ्यासली जाते आहे. आपल्या शिबिरात मात्र तिचं नाव 'पात्रता नाही'.

शास्त्राचं निघालंच आहे तर तेही प्रामाणिकपणे सांगते, कारण ध्यानाच्या बाजूने बोलणारे इथे फार थापा मारतात. २०१० साली 'सायन्स'मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट ह्यांनी २२५० माणसांचा अभ्यास छापला. दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारायचं, आत्ता तुमचं लक्ष हातातल्या कामात आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा उत्तर आलं, नाही! म्हणजे अर्धा जागेपणा सगळ्यांचाच इकडेतिकडे जातो. तुम्ही एकटे नाही. दुसरं, २०१४ साली अमेरिकेत ४७ चाचण्यांचा, साडेतीन हजारांवर माणसांचा, एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, नैराश्य, वेदना ह्यांत थोडा ते मध्यम फायदा दिसला. झोपेबद्दल, वजनाबद्दल पुरेसा पुरावा मिळाला नाही. आणि औषधं किंवा व्यायाम ह्यांपेक्षा ध्यान वरचढ आहे असंही दिसलं नाही. तेव्हा मधुमेह जातो, बीपीच्या गोळ्या सुटतात असं कोणी माइकवरून सांगितलं तर चप्पल घालून घरी यावं. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. थोडा ते मध्यम फायदा ही काही कमी गोष्ट नाही, पण त्याची पोस्टरं चांगली होत नाहीत.

आता घरच्यांकडे वळते. (कोण कोण वाचतंय ते मला माहीत आहे.)

आपल्याकडे घरातला पुरुष देवघरात अर्धा तास बसला तर सगळं घर दबक्या आवाजात बोलतं. बाबा पूजेत आहेत. तेच घरातली बाई दहा मिनिटं डोळे मिटून खुर्चीवर बसली तर तीन जण येऊन विचारतात, बरं नाही का? चौथा विचारतो, माझे मोजे कुठे आहेत? आणि पाचवी कोणीतरी खालच्या पट्टीत म्हणते, बसायला वेळ आहे वाटतं. घरी हजार विड्यांच्या हिशेबाने विड्या वळणाऱ्या बाईला तर हे दहा मिनिटांचं बसणं सरळ पैशात मोजून दाखवलं जातं. मग ती बाई म्हणते, मन लागत नाही. अहो, लागेल कसं? कान दाराकडे, नाक गॅसवरच्या दुधाकडे. तिच्या मनाचा दोष कमी आणि आपल्या घरांचा जास्त. ध्यानाची सगळ्यात मोठी अडचण पतंजलीच्या यादीत नाही, कारण ती यादी करणाऱ्याला बहुधा कोणी मोजे विचारत नव्हतं.

आमच्या घरी आम्ही एक केलं. वहिनी बसते तेव्हा दूध पुतण्या बघतो. एवढंच. ती खुर्चीवर बसते, डोळे अर्धे उघडे ठेवून, मागच्या गल्लीतल्या मागांचा आवाज ऐकत. आधी डॉक्टर झाले, काही महिने गोळ्याही झाल्या. जिना अजून कधीकधी दिसतो. झोप पूर्वीसारखी नाही, पण दोनला उठून डबे पुसणं थांबलंय. ह्यात ध्यानाचा वाटा किती, गोळ्यांचा किती, काळाचा किती, आणि दूध बघणाऱ्या पोराचा किती, ते मी सांगू शकत नाही. चमत्कार झाला असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला मनापासून आदराचा वाटतो. कष्टाची माणसं म्हणतात, "आमचं कामच आमचं ध्यान." सोलापुरात ह्याला आधारही थेट ग्रामदैवताचा आहे. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, शिवयोगी, ज्यांनी तलाव खोदवला, अडुसष्ट लिंगं स्थापली अशी परंपरा सांगते. कन्नडमधल्या 'शून्यसंपादने' ग्रंथात प्रसंग येतो. अल्लमप्रभू सोन्नलिगेला, म्हणजे आपल्या सोलापूरला, येतात. सिद्धराम बांधकामात गुंतलेले. अल्लमप्रभू त्यांना मातीकाम करणारा गडी म्हणून डिवचतात, शिष्य चिडून दगड मारतात. पुढे दोघांचा संवाद होतो आणि सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, आजच्या बसवकल्याणला, जातात.

मला ह्या गोष्टीत कोणीच हरलेलं दिसत नाही. तलाव आजही आहे, गावाच्या मधोमध, आणि त्याच्यात देऊळ आहे. पण ज्याच्या कामाला नावं ठेवायची कोणाची टाप नव्हती त्यालाही कोणीतरी येऊन विचारलं, की हे सगळं करणारा आत कोण आहे ते बघितलंस का? कामात रमणं फार चांगलं. पण काम आपल्याला धरून ठेवतं. समोर धागा असतो, गिऱ्हाईक असतं, मुदत असते. काम संपल्यावर रात्री अंथरुणात, धरून ठेवणारं काही नसताना, मन काय करतं? तिथे जर ते तुम्हाला फरफटत नेत असेल तर दहा मिनिटं वेगळी काढण्यात कामाचा अपमान नाही. आणि नेत नसेल, तर तुम्हाला माझ्या ह्या लेखाची गरजच नाही, खुशाल झोपा. :)

संयुक्त राष्ट्रांनी २०२४ साली २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस म्हणून जाहीर केला. म्हणजे दर डिसेंबरात आता हॉल भरतील, सतरंज्या पडतील, बासऱ्या वाजतील, आणि पुन्हा कोणीतरी माइकवरून विचारेल, कोणाकोणाचं मन शांत झालं? त्या वेळी हात वर झाला नाही तर खाली मान घालू नका. उलट शिकवणाऱ्यालाच विचारा, मन भटकल्यावर काय करायचं ते तुम्ही सांगितलंत का? नसेल सांगितलं तर पात्रता कोणाची अपुरी आहे ते तिथेच ठरेल.

आणि घरात, पंगतीत, गाडीत कोणी "मन लागत नाही" म्हणालं की मान डोलावून विषय बदलू नका. "लागलं का?" हा प्रश्नच आपण बंद करू या. त्याऐवजी विचारा, "आज किती वेळा परत आणलंत?"

दोनदा म्हणाले तरी म्हणा, वा!